खरखरीसकट बाबांचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. इकडचे बोलणे तिकडे पोहोचवण्यात माझी हयात गेली. माझ्यातून माणसे हसली, भांडली, रुसून बसली, पण तुझे कसे काय चालले आहे, असे मला कोणी विचारले नाही. मोबाइलला कोण विचारतो? आज तुम्ही ऐकायला बसला आहात, तर सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे पांढऱ्या टोप्या घातलेली माणसे रांगेने बसत आणि सरकत्या पट्ट्यावरून आम्ही त्यांच्यासमोरून पुढे पुढे जात असू. कोणी माझ्यात बॅटरी बसवली, कोणी काच चिकटवली. कोणी माझ्या तळाशी, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकामागे, माइक बसवला. तो माझा कान. शेवटी एका बाईने मला तोंडाजवळ धरून "हॅलो, हॅलो" म्हटले. मी ऐकलेला तो पहिला माणसाचा आवाज. मला वाटले, आता ही आणखी काही बोलेल. पण तिने माझ्यावर एक हिरवी टिकली चिकटवली आणि पुढचा मोबाइल उचलला. मग मी खोक्यात गेलो. एकटे पडणे म्हणजे काय, ते मला इतक्या लहानपणीच कळले.

ज्या मुलीने मला घरी नेले, तिचे घरातले नाव टिल्लू. उंची बेताची, म्हणून वडिलांनी लाडाने ठेवलेले. ती मोठी होऊन नोकरीला लागली, तरी ते नाव काही मोठे झाले नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची आणि चौकटीत बसवायची. दिवसभर यंत्राची घरघर ऐकून कान किटले की घरी येऊन गाणी रचायची. गाणी रचायची म्हणजे माझ्यात. तिने माझ्यात एक ॲप घेतले होते. त्यात पेटीच्या पट्ट्या काचेवर उमटत, बोट टेकले की ढोल वाजे, आणि वेगवेगळे आवाज रेकॉर्ड करून गोधडीच्या थरांसारखे एकावर एक ठेवता येत.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. टिल्लूची आई ती लहान असतानाच गेली होती. घरात बाबा होते आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे टिल्लूची आत्या. बाबा बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. काचेच्या लहानशा खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली ते सांगायचे. घसा न ताणता फलाटाच्या टोकापर्यंत पोहोचणारा आवाज होता त्यांचा. सामान सावरत धावत येणारी माणसे तो आवाज ऐकला की जरा दमाने चालू लागत. गाडी अजून सुटलेली नाही, असा दिलासा त्या आवाजातच होता.

ते दिवस माझ्या सुखाचे. "काय छान ऐकू येतं ह्यात!" असे टिल्लू दुकानातल्या मैत्रिणींना सांगायची आणि मी गरम व्हायचो. खरे तर मी चार्जिंगमुळे गरम व्हायचो, पण मला ते कौतुकच वाटे.

एकदा मात्र गंमत झाली. टिल्लूने ढोलावर बोट टेकले आणि माझ्यातून काहीच आले नाही. तिने आवाज वाढवला. ॲप बंद करून पुन्हा उघडले. तरीही शांत. मग तिने वैतागून ढोलावर दणादण बोटे मारली. तेवढ्यात स्वयंपाकघरात पातेले पडले आणि पाठोपाठ आत्या बाहेर आली.

"अगं पोरी, त्या फळीवर कोण नाचतंय? माझं काळीज तोंडात आलं की!"

स्वयंपाकघरातल्या फळीवर बिनतारी स्पीकर होता. आत्याने सकाळी बातम्या ऐकायला तो मला जोडला होता आणि तोडायला विसरली होती. मी इमानेइतबारे सगळा ढोल तिकडे पाठवत होतो.

"म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं," टिल्लू हसून म्हणाली. "आवाज नाही असं वाटलं, तर तो जातोय कुठे ते आधी बघायचं."

पुढे बाबांचा आवाज बसला. सर्दी असेल, दमणूक असेल, असे म्हणत काही दिवस गेले. आत्याने गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. पण आवाज सुटेना. बसस्थानकावरच्या साहेबांनी त्यांना सुट्टी घ्यायला लावली. मग तपासण्या झाल्या आणि एका संध्याकाळी बाबा आणि टिल्लू दवाखान्यातून परत आले, ते चपलाही न काढता खुर्चीवर बसून राहिले. मी टिल्लूच्या मांडीवर होतो.

"ऑपरेशन करायचं म्हणतायत," टिल्लूने आत्याला सांगितले. "स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल. आवाज राहणार नाही."

बाबा घोगऱ्या आवाजात आत्याला म्हणाले, "तुला बरंच झालं की. आता घरात तुला अडवणारं कोणी नाही. बोल हवं तेवढं."

आत्या पदराने तोंड झाकून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी टिल्लू बाबांजवळ जाऊन बसली. "बाबा, सावलीचं गाणं मला तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचंय. ऑपरेशनच्या आधी."

ते गाणे बाबांनीच केले होते. टिल्लूला शाळेत सोडायला जाताना, तिचे पाय दुखू नयेत म्हणून चालता चालता जुळवलेले:

सावली गं सावली,
चाल माझ्या पावली,
ऊन आलं माथ्यावर,
कुठं गं तू मावळली?

"हे गाणं? अगं, हे काय गाणं आहे!" बाबा म्हणाले. पण त्यांचे डोळे उजळले, ते मी पाहिले.

आम्ही तिघे कामाला लागलो. टिल्लूने बाबांच्या कानात आपले बिनतारी हेडफोन घातले आणि ॲपमधला ठोका सुरू केला. त्या ठोक्याबरोबर बाबांनी गायचे होते. त्यांनी गायले, आणि ऐकून पाहिले तर प्रत्येक ओळ मागे पडलेली. पुन्हा गायले. पुन्हा मागे. बाबांनी हेडफोन काढून ठेवले.

"गाडी सुटायच्या आत बोलायचं, एवढंच काम केलं मी जन्मभर," ते म्हणाले. "आता तेही जमत नाही. राहू दे, टिल्लू."

ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ मला दिसत होती. बाबांचे काही चुकले नव्हते. पण मला सांगता येत असते, तर मी मोबाइल कशाला झालो असतो?

टिल्लू मात्र तशीच बसली होती. तिने ते हेडफोन आपल्या कानात घातले, ठोका लावला आणि ठोक्याबरोबर टाळ्या वाजवून रेकॉर्ड केल्या. तिच्या टाळ्याही मागे पडल्या. मग तिने कपाटातून वायरचे जुने हेडफोन शोधले, ते मला जोडले आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या. आता टाळी आणि ठोका एकावर एक बसले.

"बाबा, आत या!" ती ओरडली. "चूक तुमची नव्हती. बिनतारी हेडफोनमधून ठोका कानात पोचेपर्यंतच उशीर होत होता. तुम्ही ऐकत होतात त्याबरोबर बरोब्बर गात होतात."

"म्हणजे माझी गाडी वेळेवर होती?"

"तुमची वेळेवरच होती. फलाट मागे सरकत होता."

बाबा हसले. हसताना त्यांना खोकला आला, पण ते हसले.

त्यानंतर चरचर सुरू झाली. गाण्यात मध्येच तेलात मोहरी टाकल्यासारखा आवाज येई आणि शब्द तुटत. तो माझा दम लागल्याचा आवाज होता. माझी साठवणीची जागा काठोकाठ भरली होती. आत्याला रोज सकाळी कोणी ना कोणी माझ्यावरच फुलांची चित्रे पाठवायचे आणि ती सगळी माझ्या पोटात साचली होती. त्यातच बॅटरी वाचवण्यासाठी टिल्लूने माझा वेग कमी करून ठेवला होता. टिल्लूने एकेक गोष्ट तपासली. मागे उघडी असलेली ॲप बंद केली. फुले पुसली.

"माझी सगळी फुलं?" आत्या कळवळली.

"उद्या सकाळी नवीन येतील ना, आत्या."

मग तिने बॅटरी वाचवण्याचे बटण बंद केले आणि ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बफर वाढवला. बफर म्हणजे आवाजाचा घास. घास मोठा केला की मला तो सावकाश गिळता येतो, ठसका लागत नाही. चरचर थांबली.

हे सगळे होईपर्यंत ऑपरेशन तोंडावर आले होते, आणि बाबांचा आवाज दिवसेंदिवस खाली चालला होता. आता त्यात सूर थोडा आणि वारा जास्त होता. बाबा गायला बसले. त्यांनी डोळे मिटून सगळे गाणे म्हटले. टिल्लूने ते लावून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. पहिल्या ओळीतले दोन शब्द आले होते. पुढे नुसती शांतता, मग एखादे अक्षर, की पुन्हा शांतता.

ती मला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदाराने मला उलटेपालटे केले. "माइक गेलाय. ठेवून जा, पार्ट मागवायला लागेल. पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात बाबांकडे आवाज असणार नव्हता. टिल्लू मला उचलून परत घरी आली. तिने माझ्यासमोर चमचा वाजवला, तो स्वच्छ रेकॉर्ड झाला. आत्याला बोलायला लावले, आत्या तर खणखणीत आली. माइक ठीक होता. फक्त बाबा येत नव्हते.

"माझ्या आवाजात आता राहिलंय काय, की त्यानं ऐकावं?" बाबा हळूच म्हणाले. ते कोणाला उद्देशून बोलले नाहीत. मित्रांनो, त्या खोलीत तिघे जण होते, पण त्या क्षणी बाबांइतके एकटे कोणी मी पाहिले नाही.

आत्या पदराने वारा घेत म्हणाली, "हा पंखा मेला नुसता खडखडतो, वारा काही देत नाही."

टिल्लूने मान वर केली. पंख्याकडे पाहिले. मग आत्ताचे रेकॉर्डिंग कानाला लावून पुन्हा ऐकले.

"आत्या, पंखा मघाशीही चालू होता?"

"सकाळपासून चालू आहे. का गं?"

"मग ह्यात तो का नाही? एवढा खडखडतोय, आणि ह्यात एकदाही नाही!"

तिची बोटे माझ्यावर भराभर फिरू लागली. सेटिंगच्या आत सेटिंग, त्याच्याही आत एक लहानशी ओळ होती, "आवाज स्वच्छ करा". तिथले बटण चालू होते. बोलताना मागचा वारा, पंखा, रहदारी ऐकू येऊ नये म्हणून मला तशी शिकवण दिलेली होती. ठळक सूर ठेवायचा आणि फसफस, घरघर, खरखर काढून टाकायची. बाबांचा आवाज आता खरखरीचाच झाला होता. पंख्याबरोबर मी त्यांनाही पुसत होतो.

टिल्लूने ते बटण बंद केले.

आत्याने जाऊन पंखा बंद केला आणि ती बटणांच्या फळीपाशीच उभी राहिली, श्वास रोखून, हलले तर चप्पल वाजेल म्हणून. बाबांनी हेडफोन नीट केले आणि गाण्याआधी, पूर्वीच्याच थाटात, जमेल तेवढ्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. टिल्लूची गाडी फलाटाला लागत आहे."

मग ते गायले. सूर दोनदा फाटला. तिसऱ्या ओळीत श्वास संपला, तो त्यांनी थांबून घेतला आणि ओळ पुरी केली. मी सगळे घेतले. श्वास, खरखर, शेवटी टिल्लूच्या नाकाचा सूं सूं आवाजसुद्धा. लावून पाहिले तेव्हा बाबा पूर्ण ऐकू आले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबांनी माझी काच आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसली, एवढेच.

ऑपरेशन चांगले झाले. बाबा घरी आले. गळ्यावर रुमाल असायचा. ते ओठ हलवून बोलायचे आणि आत्या भलतेच समजायची. त्यांनी पाणी मागितले की राणी कोण म्हणून विचारायची. सुरुवातीला तिघेही हसायचे. नंतर बाबांनी मागणेच कमी केले. पुढे आत्या आपल्या लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेली आणि तिकडेच रमली. टिल्लू सकाळी दुकानात जायची. मग दिवसभर घरात पंख्याशिवाय कोणाचा आवाज नसायचा.

टिल्लूने ॲप पुन्हा उघडले ते एकदाच. बाबांच्या गाण्याची निळी रेघ काचेवर उमटली. तिने बोट जवळ नेले, पण टेकवले नाही. मला बंद करून उशीखाली ठेवले. त्यानंतर तिने गाणी रचली नाहीत.

काही काळाने नवा मोबाइल आला. माझ्यातले नंबर, फोटो, निरोप त्याच्यात गेले. सगळे आले, असे त्याच्या काचेवर लिहून आले आणि टिल्लूने विश्वास ठेवला. पण त्या ॲपमधले काही गेले नव्हते. बाबांचा आवाज जगात एका माझ्याकडेच उरला होता आणि मी कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या वायरींच्या गुंत्याखाली पडलो होतो. माझी बॅटरी थेंबाथेंबाने संपत आली. सिमकार्ड नव्हते, त्यामुळे कोणाचा फोन येण्याची आशाही नव्हती. खण उघडावा, एवढेच वाटायचे. मग तेही वाटेनासे झाले आणि मी बंद पडलो.

जाग आली ती दुपारच्या उजेडात. समोर बाबा होते. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल शोधायला त्यांनी खण उपसला होता आणि मी हाती लागलो होतो. माझे चार्जिंगचे तोंड सैल झाले होते. वायर एका बाजूला दाबून धरली तरच वीज आत यायची, आणि सोडली की मी लगेच डोळे मिटायचो. बाबांनी वायर डाव्या अंगठ्याने दाबून धरली आणि उजव्या हाताने ॲप उघडले. त्यांनीही आपली निळी रेघ पाहिली. तिला हात लावला नाही. बाजूचे पान उघडून पेटीच्या पट्ट्यांवर एक बोट टेकले.

मी वाजलो, पण कुजबुजल्यासारखा. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी आवाज वाढवला, बिनतारी जोडणी बंद आहे ना ते पाहिले. लेकीचे बघून बघून ते शिकले होते. मग माझ्या तळाची जाळी डोळ्यांजवळ नेली. तिच्यात खणातली धूळ बसली होती. दात घासायच्या मऊ ब्रशने त्यांनी ती हलकेच काढली. वायर पुन्हा दाबून ॲप उघडले आणि बोट टेकले. आता मी खणखणीत वाजलो.

तेव्हापासून टिल्लू दुकानात गेली की बाबा मला काढायचे. एका बोटाने सूर शोधायचे. चुकले की मान हलवायचे, सापडला की भुवया उंचावायचे. एकदा वायर निसटली आणि सगळी सकाळ जुळवलेली चाल साठवण्याआधीच गेली. बाबा बराच वेळ माझ्या काळ्या काचेत स्वतःकडे पाहत बसले. मग त्यांनी वायर पुन्हा दाबली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. टिल्लू यायच्या आत मला खणात ठेवून देत. लपवायचे असे काही नव्हते. दाखवावे कसे, ते बहुधा त्यांना कळत नव्हते. आणि माझी बॅटरी कोणत्याही दिवशी कायमची मिटणार, हे मला कळत होते, पण सांगता येत नव्हते.

एके दिवशी दुकानातली वीज गेली आणि टिल्लू दुपारीच घरी आली. जिन्यात तिच्या चपला थांबल्याचे मी ऐकले. दार हळूच उघडले. बाबा दचकले, पण अंगठा त्यांनी सोडला नाही.

ती पाहतच राहिली. वाकलेली पाठ, दाबून पांढरा पडलेला अंगठा, आणि काचेवर अडखळत चालणारे एकच बोट. ती खाली बसली. वायरवर आपले बोट ठेवले.

"सोडा, बाबा. मी धरते."

बाबांनी अंगठा काढला. तो त्यांनी जरा चोळला. मग डावा हात पट्ट्यांवर आणला, आणि पहिल्यांदाच दोन्ही हातांनी वाजवले. सावकाश, पण न थांबता.

"हे कुठलं गाणं? मी नाही ऐकलं कधी."

बाबांचे ओठ हलले. टिल्लूने त्यांच्याकडे नीट पाहिले. "नवीन आहे?" तिने विचारले. त्यांनी मान डोलावली. "तुम्ही केलंत?" त्यांनी पुन्हा मान डोलावली आणि लाजल्यासारखे माझ्याकडे पाहिले.

टिल्लूने वायर आणखी घट्ट दाबून धरली.

त्याच दुपारी तिने माझ्यातले सगळे संगणकावर उतरवून घेतले. ती जुनी निळी रेघ आणि बाबांच्या दुपारच्या सगळ्या चाली. काम संपेपर्यंत दोघे आळीपाळीने वायर धरून बसले होते. आता मी संपलो तरी काही हरवणार नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्यातरी खणात माझ्यासारखा कोणी पडला असेल. त्याला एकदा चार्जर लावून बघा. सगळे नव्या मोबाइलमध्ये आले आहे, असे कोणी म्हटले तरी स्वतः उघडून बघा. त्याच्यात एखादा आवाज राहून गेला असेल, जो पुन्हा काढता येणार नाही. आणि घरात कोणी गप्प बसलेले असेल, तर त्याच्यापाशीही जाऊन बसा. त्याला काही वाजवायचे असेल, आणि त्याचा एक हात वायर धरण्यात अडकलेला असेल.